अकरा माणसांचा एक पत्ता

गडहिंग्लजच्या आमच्या घरात अकरा माणसांना मिळून एकच ई-मेल पत्ता होता. आधी घराचं आडनाव आणि त्याला जोडून गावाचा पिनकोड, ४१६५०२. नुसतं आडनाव आधीच दुसऱ्या कुणीतरी घेतलेलं होतं, म्हणून पिनकोड लावावा लागला. पुण्यात नोकरीला लागलेला दादा त्यावर लिहायचा, मस्कतचा बाळूदा लिहायचा, आक्कासाठी आलेली स्थळं त्यावर यायची, धाकट्याचं परीक्षेचं हॉलतिकीट त्यावर यायचं. पासवर्ड मात्र एकट्या थोरल्या काकींना ठाऊक होता. त्यांनी तो कुणाला सांगितला नाही आणि कुणी विचारलाही नाही. घरातली तिजोरीची किल्ली जिच्याकडं असायची तिलाच हेही बघू दे, असं सगळ्यांनी न बोलता ठरवून टाकलेलं होतं.

आमच्या पिढीच्या घरांत हे असंच होतं. मोबाइल आला आणि पत्ता माणसागणिक झाला. त्याआधीची दहा-बारा वर्षं तो घरागणिक होता. ती वर्षं थोडी आहेत, म्हणून त्यांच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. पोस्टकार्डावर भरपूर लिहिलं गेलं, व्हॉट्सअ‍ॅपवर तर रोजच लिहिलं जातं. मधल्या काळात घराघरांतून जी लांबलचक मराठी पत्रं रोमन अक्षरांत टाइप होऊन गेली, ती आज बंद पडलेल्या खात्यांत अडकून आहेत.

देशात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगममार्फत आणि मोठ्या शहरांत. पुढच्याच वर्षी अमेरिकेत सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांनी हॉटमेल काढलं आणि ई-मेलसाठी स्वतःचा संगणक असण्याची गरज संपली. जगातल्या कुठल्याही संगणकावर बसावं, नाव आणि पासवर्ड घालावा, आपली पत्रं वाचावीत. गडहिंग्लजसारख्या गावाला इंटरनेटची दारं उघडली ती या सोयीमुळं. आपल्याच जिल्ह्यातल्या वारणानगरच्या आसपासच्या सत्तर गावांत १९९८ मध्ये सरकारनं संगणक-केंद्रं जोडण्याचा प्रकल्प सुरू केला तेव्हा पेपरात मोठ्या बातम्या आल्या होत्या. आमच्याकडं मात्र इंटरनेट आलं ते एसटीडी बूथमधून. काचेच्या केबिनमधला फोन तसाच राहिला, शेजारी प्लायवूडचे आडोसे उभे राहिले, बाहेर चपला काढायची पाटी लागली आणि तासाच्या हिशेबानं संगणक मिळू लागला. शिवराज आणि घाळी कॉलेजची पोरं तिथं गर्दी करायची. एकेक पान उघडायला इतका वेळ लागे की लिहायचा मजकूर घरूनच वहीत लिहून न्यायचा.

तेव्हाची मोफत खातीही लहान होती. हॉटमेलवर दोन एमबी, याहूवर चार. लग्नाचे चार फोटो आले की पेटी भरली, आणि पेटी भरली की नवं पत्र परत जायचं. म्हणून वाचलं की पुसायचं. आमच्या घरानं २००१ ते २००५ या काळात लिहिलेलं जवळजवळ सगळं त्यात गेलं. त्यातली काही पत्रं उरली ती केवळ काकींमुळं. त्या पाच रुपये पान देऊन प्रिंट काढायच्या आणि घरी आणायच्या.

काकी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या. त्याच काळात राज्यात एमएस-सीआयटी सुरू झालं आणि सरकारी नोकरांना ते पास होणं भाग पडलं, नाहीतर वेतनवाढ थांबणार होती. पन्नाशीला आलेल्या किती शिक्षिका, किती कारकून, किती ग्रामसेवक त्या वर्षांत संध्याकाळच्या बॅचला विद्यार्थी म्हणून बसले! महाराष्ट्राच्या मध्यमवर्गीय घरात संगणक कुणी नेला असं कुणी विचारलं तर मी मुलांचं नाव घेणार नाही, या बॅचचं घेईन. मुलांनी गेम खेळले. या माणसांनी वहीच्या डाव्या पानावर प्रत्येक कृती आकडे घालून लिहून घेतली, उजव्या पानावर चौकट काढून त्यात बटणांची नावं लिहिली आणि घरी येऊन पाठ केली. काकींची ती वही अजून आहे. 'अटॅचमेंट कशी जोडावी' याच्या नऊ पायऱ्या तिच्यात आहेत, आणि सहावीसमोर लाल शाईनं लिहिलंय, 'घाई करू नये.'

जीमेल १ एप्रिल २००४ ला आलं तेव्हा त्यात एक जीबी जागा होती. हॉटमेलच्या पाचशेपट. पण ते सर्वांना खुलं नव्हतं. आधीच्या कुणीतरी आमंत्रण द्यावं लागे, आणि हे २००७ च्या फेब्रुवारीपर्यंत चाललं. दादाच्या कंपनीत एकाला आमंत्रणं मिळाली होती, त्यातलं एक त्यानं २००५ मध्ये घरी पाठवलं. काकींनी कॅफेत बसून खातं उघडलं. त्या वेळी पासवर्ड विसरलाच तर उपयोगी पडावा म्हणून एक गुप्त प्रश्न निवडायचा असे. यादीत होतं : विमान कंपनीच्या सभासदत्वाचा क्रमांक, ग्रंथालयाच्या कार्डाचा क्रमांक, पहिला फोन नंबर, पहिल्या शिक्षकाचं नाव. विमान काकींनी फक्त आभाळात पाहिलेलं. त्यांनी पहिला फोन नंबर निवडला, उत्तर लिहिलं आणि पुढं गेल्या.

मग सुरू झाली ती पत्रं. काकींनी ई-मेललाही पत्राचेच रिवाज लावले. वर उजव्या हाताला गडहिंग्लज आणि तारीख, जरी यंत्र तारीख आपोआप घालत असलं तरी. मग 'चि. बाळूस अनेक उत्तम आशीर्वाद', मग पाऊसपाणी, मग माणसं, मग दर. शेवटी 'कळावे'. हे सगळं रोमन अक्षरांत. आण्णांची, म्हणजे आमच्या थोरल्या काकांची, मार्केट यार्डात मिरचीची अडत होती. त्यांनी कीबोर्डला कधी बोट लावलं नाही, पण घरी ब्रॉडबँड आल्यावर रविवारी रात्री जेवणं झाली की ते खुर्ची ओढून काकींच्या मागं बसायचे आणि सांगायचे. सांगताना ते थांबत नसत. जवारी मिरचीला काय भाव फुटला, संकेश्वरकडचा माल कसा आला, हिरण्यकेशीला पाणी किती चढलं, भैरीच्या जत्रेला कोण कोण आलं होतं, एम. आर. हायस्कूलच्या मैदानावरच्या दिवाळीतल्या फुटबॉल स्पर्धेत कुणी कुणाला हरवलं. गडहिंग्लजचा माणूस मस्कतला गेला काय आणि मेक्सिकोला गेला काय, त्याला फुटबॉलचा निकाल कळवावाच लागतो. काकी टाइप करत, मधेच 'जरा सावकाश की' म्हणत, आणि भारनियमनाची वेळ जवळ आली की आण्णा बाळूदाची विचारपूस थोडक्यात उरकून 'कळावे'वर येत.

उत्तर आलं की ते वाचून दाखवलं जाई. आजी ऐकायची, आई भाकरी थापता थापता ऐकायची. पत्र एकाला आलेलं असलं तरी ऐकायचं सगळ्यांनी, आणि त्यामुळं लिहिणाराही सगळ्यांसाठी लिही. दादानं पुण्यात खोली बदलली तर नव्या घरमालकिणीचा स्वभावही आजीला माहीत असे. आयएसडीचं मिनिट परवडत नव्हतं त्या काळात बाळूदा तीन-तीन पानं लिहायचा. आज तो रोज व्हिडिओ कॉल करतो आणि 'काय चाललंय' एवढंच विचारतो. प्रेम कमी झालंय असं मी म्हणणार नाही. सांगणं मात्र कमी झालंय, आणि ते मला सलतं.

आण्णा २०११ मध्ये गेले. त्यानंतर काकींनी त्या खात्यावर फार लिहिलं नाही. प्रत्येकानं आपापलं खातं काढलं. २०१६ मध्ये जिओ आलं आणि महिन्याभरात घरातल्या सगळ्यांच्या हातात व्हॉट्सअ‍ॅप होतं. पिनकोडवालं खातं कुणी मुद्दाम बंद केलं नाही. त्यात जायचं थांबलं, एवढंच.

२०२३ च्या मे महिन्यात गूगलनं जाहीर केलं की दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती डिसेंबरपासून पुसायला सुरुवात होईल. ही बातमी बाळूदानं मस्कतहून भावंडांच्या ग्रुपवर टाकली आणि खाली एकच ओळ लिहिली : 'आण्णांची सगळी पत्रं त्यात आहेत.' त्यानं पाठवलेली आणि त्याला आलेली त्याच्याकडं होती का? नव्हती. त्याचं तेव्हाचं खातं कंपनीचं होतं, नोकरी बदलली तेव्हाच ते गेलं.

पासवर्ड काकींना आठवेना. सत्तरी ओलांडलेली, पण बाकी सगळं लख्ख आठवतं. वर्गातल्या पोरांची हजेरी अजून म्हणून दाखवतात. पासवर्ड तेवढा गेला होता. इथं एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण पुष्कळांचा गैरसमज असतो की कंपनीत कुणीतरी बसलेलं असतं आणि त्याच्याकडं आपला पासवर्ड लिहून ठेवलेला असतो. तसं नसतं. नीट चालवलेल्या सेवेत पासवर्ड जसाच्या तसा ठेवतच नाहीत. त्यावर गणिती प्रक्रिया करून आलेला, उलटा फिरवता न येणारा एक संकेत ठेवतात आणि तुम्ही टाइप केलेल्यावर तीच प्रक्रिया करून दोन्ही जुळतात का ते पाहतात. त्यामुळं विसरलेला पासवर्ड कुणीच परत देऊ शकत नाही. हे खातं तुमचं आहे याची खात्री पटली तर नवा ठेवायची परवानगी मिळते. सगळा प्रश्न खात्री पटवण्याचा असतो.

खात्री पटवायचे मार्ग चार-पाच. खात्याला जोडलेला मोबाइल, पर्यायी ई-मेल, आधीचा एखादा आठवणारा पासवर्ड, आणि जुन्या खात्यांत तो गुप्त प्रश्न. शिवाय नेहमीच्या जागेवरून, नेहमीच्या उपकरणावरून प्रयत्न केला तर यंत्राला विश्वास लवकर वाटतो. जोडलेला मोबाइल आण्णांचा होता. ते गेल्यावर ते सिम कुणी रिचार्ज केलं नाही. प्रीपेड सिम तीन महिने वापरलं नाही आणि त्यात पैसेही नसले की नंबर बंद होतो आणि पुढं दुसऱ्याला दिला जातो. आण्णांचा नंबर आज कुण्या अनोळखी माणसाकडं आहे. पर्यायी पत्ता दादाचा, तो चालू होता. पुण्यात बसून त्यानं खटपट केली, पण यंत्र त्याला ओळखेना. मग ठरलं की गणपतीला सगळे गावी येतील तेव्हा घरच्याच कनेक्शनवर, काकींना शेजारी बसवून बघायचं.

गौरी जेवल्या त्या दिवशी दुपारी आम्ही सगळे सोप्यात लॅपटॉपभोवती बसलो. आधीचा पासवर्ड विचारल्यावर काकींनी 'भैरी' आणि पुढं एसटीडी कोड ०२३२७ असं काहीतरी होतं म्हणून सांगितलं. तेवढ्यावर गाडी पुढच्या प्रश्नाला आली. पहिला फोन नंबर.

सोपं वाटलं होतं. आमच्या घरी फोन आला तो आण्णांनी नंबर लावून बरीच वर्षं वाट पाहिल्यावर. आई म्हणाली बेचाळीसनं सुरू व्हायचा, आक्का म्हणाली चोवीसनं. धाकट्यानं माळ्यावरून अडतीची जुनी बिलबुकं काढली. पिवळट कागद, वर '॥ श्री काळभैरव प्रसन्न ॥', खाली डावीकडं 'फोन : दुकान' आणि 'घर', पाच-पाच आकडे. आक्काचं बरोबर निघालं. पण पाच आकडे घातले, चालेना. मग आठवलं की २००० नंतर कधीतरी बीएसएनएलनं सगळ्या नंबरांच्या आधी दोन लावला होता. दोन लावून घातले. चालेना. एसटीडी कोड लावून घातले. चालेना. दुकानाचा घातला. फार वेळा चुकलं की यंत्र काही तास थांबायला लावतं, तसं त्यानं थांबवलं. चहा झाला, वाद झाले, बाळूदा फोनवरून तिकडून वाद घालत होता.

काकी इतका वेळ बिलबुक चाळत बसल्या होत्या. एकदम म्हणाल्या, "अरे, पण हा आपला पहिला फोन कुठं? पहिला फोन पलीकडच्या वैनींचा. तुमचा बाळूदा झाल्याचा निरोप माझ्या माहेरच्यांनी तिथंच केला होता की. तिथनं त्या ओरडत आल्या होत्या."

पीपी नंबर! आमच्या पिढीतला प्रत्येकजण हे दोन अक्षरी प्रकरण ओळखतो. शेजाऱ्याचा फोन आपल्या नावापुढं कंसात छापायचा आणि त्या शेजाऱ्यानं, जेवणाच्या ताटावरून उठून का होईना, आपल्याला हाक मारायची. आत्याच्या लग्नाची पत्रिका काकींच्या ट्रंकेत, साड्यांच्या घडीत होती. खाली निमंत्रकांच्या यादीनंतर बारीक टाइपात पाच आकडे आणि कंसात पी.पी. संध्याकाळी आरतीनंतर पुन्हा बसलो. ते पाच आकडे काकींनी स्वतः टाइप केले, एकेक करून, वहीतल्या सूचनेप्रमाणं घाई न करता. यंत्रानं दादाच्या पत्त्यावर कळवतो म्हणून सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी, गौरी-गणपती विसर्जनाची तयारी चालू असताना, नवा पासवर्ड ठेवायचा दुवा आला.

आत काय होतं ते सगळं इथं सांगणार नाही, ते घरातलं आहे. काही सांगतो. आक्काच्या स्थळांचे बायोडेटा, त्यातल्या एकावर तिनं हो म्हटलं तेव्हाचं पत्र. २००५ च्या जुलैतला महापूर, ज्याची बातमी बाळूदानं मस्कतमध्ये टीव्हीवर पाहिली आणि दोन दिवस उत्तर न आल्यावर विषयाच्या जागी नुसतं 'Aai' लिहून कोरी मेल पाठवली. आणि आण्णा. आण्णांचं बोलणं अगदी होतं तसं. काकींनी ते दुरुस्त केलं नव्हतं. शाळेत पोरांच्या वहीत ऱ्हस्व-दीर्घ सुधारणाऱ्या बाईंनी नवऱ्याचं एक वाक्यही सुधारलं नव्हतं. 'माल चोख आहे, माणूस चोख असला पाहिजे' हे आण्णा दर दुसऱ्या पत्रात सांगत. आमच्याकडं त्यांचा आवाज रेकॉर्ड केलेला नाही. त्यांचं बोलणं एवढ्या पत्रांतच उरलंय.

त्याच आठवड्यात दादानं सगळी पत्रं उतरवून दोन डिस्कवर घेतली. खात्याला घरातल्या दोघांचे चालू नंबर जोडले. गूगलमध्ये २०१३ पासून अशी सोय आहे की ठरवलेल्या काळात, तीन महिन्यांपासून दीड वर्षापर्यंत, खातं वापरलं गेलं नाही तर आपण नेमलेल्या माणसांना कळवलं जातं आणि हवं ते त्यांच्या हाती दिलं जातं. दहापर्यंत माणसं नेमता येतात. काकींनी पाच भावंडं नेमली. नवा पासवर्ड त्यांनी ठरवला, तो आता त्यांच्या एमएस-सीआयटीच्या वहीच्या शेवटच्या पानावर आहे, आणि वही कुठं आहे ते आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. पासवर्ड कागदावर लिहू नये असं तज्ज्ञ ऑफिसांना सांगतात ते बरोबरच आहे. पण घरात, कपाटात, नात्यातल्या दोघांना माहीत असलेल्या वहीत तो असणं मला विसरण्यापेक्षा बरं वाटतं.

तुमच्याही घरात असं एखादं खातं असेल. शिक्षिका असलेल्या आईचं, बँकेतून निवृत्त झालेल्या मामांचं, एमएस-सीआयटीच्या बॅचला बसलेल्या मावशीचं. ते उघडायला बाहेरचा माणूस बोलावू नका. इंटरनेटवर सापडणाऱ्या हेल्पलाइनच्या नंबरांवर फोन करू नका. गूगल कुणाला फोनवरून पासवर्ड सोडवून देत नाही, आणि जो देतो म्हणतो तो ओटीपी मागून बँकेचं खातं रिकामं करतो. तसं घडलंच तर लगेच १९३० वर तक्रार करा. खातं उघडायचं ते घरी, त्या माणसाला शेजारी बसवून. पुढच्या सुट्टीला गावी गेलात की एक दुपार त्यासाठी राखून ठेवा, जुन्या लग्नपत्रिका आणि बिलबुकं हाताशी घ्या आणि पहिल्या फोनचा नंबर विचारा. तो सांगणारं माणूस अजून घरात आहे, तोवर विचारा.